विहिरीवरच्या फळ्या

माणूस गेलं की भेटायला येणारे निदान आवाज खाली ठेवतात. ती गेली नव्हती, म्हणून सगळे मोठ्यानं बोलत होते.

आम्ही तेव्हा रहाटणीला एका मळ्यातल्या घराच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. आलो नगर जिल्ह्यातून. नदीपलीकडे पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहत होता आणि माझ्या नवऱ्याला तिथं काम लागलं होतं. घरमालक दोघे भाऊ. थोरला विधुर, घराचा कारभार त्याच्या हातात. त्याला सगळे आबा म्हणत. धाकटा त्याच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. धाकट्याची बायको, तिची सोळा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा, एवढं ते घर. मुलगी मला काकू म्हणायची आणि माझ्या ओसरीवर येऊन माझ्याबरोबर धान्य निवडायची. हात चलाख होता तिचा. त्या हिवाळ्यापासून तो मंद झाला. सूप मांडीवर घेऊन ती नुसती बसून राही, केसांना तेल नसे, आणि हाक मारली की दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला मान वर करी. मी तिच्या आईला सांगितलं. आई म्हणाली, "आळस आलाय. लगीन झालं की जाईल."

उन्हाळा लागता लागता एका सकाळी ती मळ्यातल्या विहिरीत पडलेली दिसली. मोटेवरच्या गड्यानं वेळेत पाहिलं, उडी टाकली, वर काढली. ती वाचली.

आणि मग लोक आले.

मला प्रत्येक गोष्ट ओळीनं लावायची सवय आहे. वाण्याची यादी, धोब्याची यादी, सणाला कोणाकडे काय द्यायचं त्याची यादी. त्या दिवसांत मी बसल्या बसल्या मनात एक वेगळी यादी करत होते, तिला कोणी काय सांगितलं त्याची. माळ्याची म्हातारी म्हणाली, आईबापाच्या तोंडाला काळं फासलंस. शेजारच्या मळ्यातली म्हणाली, माझ्या नणंदेला नवरा दारू पिऊन मारायचा, ती नाही गेली विहिरीत. दापोडीहून तिची मावशी आली. तिनं पोरीचा हात धरून रडायला सुरुवात केली आणि ती इतकी रडली की शेवटी पोरगीच तिला पाणी आणून देऊ लागली. एक टाळकरी बुवा देहूहून परतताना मुद्दाम वाट वाकडी करून आले आणि नरदेह किती दुर्मिळ आहे ते सांगून, गुळाचा चहा दोनदा घेऊन गेले. सगळ्यांनी बोलून घेतलं. तिच्या तोंडून एक वाक्य निघेल एवढी जागा कोणी ठेवली नाही.

विचारलं मात्र सगळ्यांनी. एकच. का?

"का गं, का केलंस? परीक्षेचं काय?"

"शाळा सोडून तीन वर्सं झाली तिला," आई म्हणायची.

"मग कोणाचं काही?"

हे विचारताना बायका तिच्या तोंडाकडे बघत नसत, पोटाकडे बघत. एक तर सुईणीला बरोबर घेऊन आली. "पदर जरा सार," म्हणाली, माझ्यासमोर, भरल्या ओसरीत. मी उठले आणि सुईणीला तिच्या पिशवीसकट पायरीपर्यंत पोचवून आले. परत येऊन बघते तो पोरगी भिंतीकडे तोंड करून बसलेली आणि ती बाई चहाच्या कपातली माशी बोटानं काढत होती. मला त्या माशीची नाही, त्या बोटाची किळस आली. अजूनही कोणी कपात बोट घातलं की मी तो चहा ओतून टाकते.

पिंपरीच्या दवाखान्यात नेलं ते आम्हीच, मी आणि तिची आई. डॉक्टर तरुण होते, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांनी जीभ बघितली, नाडी बघितली, लाल रंगाचं टॉनिक दिलं आणि तिच्याकडे पाठ करून आईला म्हणाले, "वयात आलेल्या मुलींना असं होतं. चांगलं स्थळ बघा." नदीच्या काठानं परत येताना आई सारखी म्हणत होती, "बघा, डाक्टरपण तेच म्हणाला." जणू तिला पदवी मिळाली होती.

इथपर्यंत मला फक्त चीड होती. खरी शिसारी पुढे आली.

त्या काळी जीव द्यायला जाणं हा गुन्हा होता. वाचलेल्याला पोलीस चौकीत नेऊन बसवत. आबांना त्याची भीती होती आणि अब्रूचीही. पाटलाला त्यांनी कसं गप्प केलं ते मला ठाऊक नाही. घर गप्प कसं केलं ते मात्र मी डोळ्यांनी बघितलं, कारण देवघर माजघरात होतं आणि मी पोरीला तांदळाची पातळ कण्हेरी घेऊन गेले होते.

त्या घरात खंडोबाचा टाक होता. घरात काही मोठं ठरलं, कोणी वचन दिलं, कोणाचं भांडण मिटवलं, की देव्हाऱ्यापुढे बेल-भंडार उचलायला लावायचा अशी त्यांची रीत. तळहातावर बेलाचं पान, वर हळदीचा भंडारा, आणि तोंडानं शपथ. ती मोडली तर देव बघून घेतो. आबांनी पोरीला आंघोळ करायला लावून बसवलं होतं. त्यांनी तिच्या हातात पान ठेवलं, भंडारा टाकला, आणि दुसऱ्या हातानं तिच्या धाकट्या भावाला ओढून तिच्यापुढे उभं केलं.

"म्हण. पुन्हा असं करणार न्हाई."

तिनं म्हटलं.

"म्हण. झाल्या गोष्टीचा आन् मनातल्या इचाराचा सबुद कोणाफुडं काढणार न्हाई. काढला तर ह्येच्या डोक्यावर."

ती थांबली. पोर भंडाऱ्याच्या वासानं शिंकलं आणि हसलं.

"म्हण!"

तिनं म्हटलं.

आबा उठले, हात धुतले, मला बघून म्हणाले, "झालं बाई. मिटलं. आता तुमीबी काय इचारू नका पोरीला." आणि पुढच्या दाराला जाऊन पानाचा डबा काढून बसले. कण्हेरीची वाटी माझ्या हातात तशीच होती. एका सहा वर्षांच्या पोराचं डोकं कुलूप म्हणून वापरलं होतं त्यांनी, आणि पान खात होते.

त्यानंतर घर खूश झालं. पोरगी रडत नव्हती, भिंतीकडे तोंड करत नव्हती, सांगितलेलं काम करत होती. येणारे-जाणारे म्हणू लागले, बेल-भंडारानं गुण आला. मी बघत होते ते वेगळं होतं. भाकरी ती ताटात चुरून ठेवी आणि कोणी बघत नाही असं वाटलं की कुत्र्याला घाली. भाऊ जवळ आला की त्याला दूर ढकली, जणू तिच्या तोंडून काही निसटेल आणि त्याला लागेल. पूर्वी त्याला कडेवर घेऊन मळाभर फिरायची. तो बिचारा माझ्याकडे येऊन विचारी, "ताई माझ्यावर रुसली व्हय?"

मी तिला ओसरीवर बोलावलं, गव्हाचं सूप दिलं, आणि म्हटलं, "माझ्याशी बोल."

"न्हाई काकू."

"मी कोणाला सांगणार नाही."

"तुमी सांगाल म्हणून न्हाई." तिनं पलीकडे खेळणाऱ्या भावाकडे बघितलं. "मी भंडार उचललाय."

त्या शपथेवर माझा विश्वास असो नसो, तिचा होता. मी कितीही समजावलं तरी तिच्या जिभेवर भावाचं डोकं ठेवलेलं होतं. समजावणं हे तर गेले कितीतरी दिवस सगळे करत होते; मी आणखी एक समजावणारी झाले असते एवढंच. मी वेगळा विचार केला. कुलूप आहे, तर किल्ली कोणाकडे आहे?

तिच्या आईला विचारलं. ती चुलीपुढे होती. प्रथम घाबरली, मग हळू आवाजात सांगितलं की शपथ सुटते. तिच्या सासऱ्यांनी एकदा दोघा भावांना एका बैलावरून भांडताना बेल-भंडार उचलायला लावला होता, एकमेकांशी बोलायचं नाही म्हणून. पुढे राग ओसरल्यावर त्यांनीच सोडवला. ज्यानं उचलायला लावला, त्यानंच देव्हाऱ्यापुढे कपाळाला भंडारा लावून "सुटलीस" म्हणायचं. दुसऱ्या कोणाचं चालत नाही. "पर आबा न्हाई करायचे," ती म्हणाली. "बाई, तुमी नका त्यात पडू. ती बोलली तर डोक्यात पुन्हा तेच येईल तिच्या."

"तिच्या डोक्यातून ते गेलंय कुठं, वहिनी?"

तिनं फुंकणी उचलली आणि चुलीत फुंकत राहिली. जाळ चांगला पेटलेला होता.

मी दुसऱ्या दिवशी सकाळची कामं लवकर आवरली. पाणी भरलं, स्वयंपाक उरकला, नवऱ्याचा डबा दिला. मग आबांकडे गेले. ते विहिरीपाशी होते. पोरीला वर काढलं त्याच दिवशी त्यांनी सुताराला बोलावून विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या फळ्या टाकून घेतल्या होत्या, वर दगड. पोहरा जाईल एवढीच फट ठेवलेली. मोट बंद. वांगी माना टाकत होती, मेथी पिवळी पडली होती, आणि ते त्या दगडांपैकी एकावर बसून वाळलेल्या वाफ्यांकडे बघत होते.

"आबा, पोरीची शपथ सोडवा."

त्यांनी मान वळवली नाही. "तुमी भाडेकरू हाय, बाई. आमच्या देवघरात तुमचं काय काम?"

"काही नाही. देव तुमचा, पोरगी तुमची. पण ती खात नाही. भाकरी कुत्र्याला घालते. भावाला जवळ येऊ देत नाही."

"शपथेनं गप झाली. आधी रडत व्हती."

"रडत होती ते बरं होतं."

"तुमास्नी पोरंबाळं न्हाईत, म्हणून तुमाला..." ते बोलता बोलता थांबले. एवढी लाज त्यांच्यात होती. मी ते वाक्य तिथंच पडू दिलं. उचलायला मला वेळ नव्हता.

"आबा, तुमचा खंडोबावर विश्वास आहे?"

आता ते वळले. "ह्यो काय इचारायचा सवाल झाला?"

"तिनं देवासमोर शपथ घेतली. पुन्हा असं करणार नाही म्हणाली. शपथ घेऊन झाली, मग ह्या फळ्या कशाला? काढा की. वांगी जळायला लागलीत. मोट चालू करा."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. वाफ्याच्या टोकाला त्यांचा धाकटा भाऊ, पोरीचा बाप, कुदळ टेकून उभा होता. ऐकत होता, पण नेहमीप्रमाणे आमच्याकडे बघत नव्हता.

"काढा," मी पुन्हा म्हटलं. "मी हात लावते. एक दगड तुम्ही उचला, एक मी."

मी खरंच वाकले आणि एका दगडाला हात घातला. आबांनी झटकन माझं मनगट धरलं. परक्या बाईला हात लावणारा माणूस नव्हता तो. लगेच सोडलं, आणि दोघांनाही काय करावं कळेना.

"नगा," ते म्हणाले. आवाज फुटला होता. "नगा काढू."

"बघा. तुमचाच भरवसा नाही त्या शपथेवर. तिला मात्र तुम्ही त्यात बांधून ठेवलंय."

"मग मी काय करू?" ते ओरडले. पहिल्यांदाच मला त्या माणसात कारभारी सोडून दुसरं काही दिसलं. "राखण करू? किती दिस? बोलून काय व्हणार हाय?"

"मला माहीत नाही. न बोलून काय होतं ते आपण बघितलं."

"फळ्या?"

"फळ्या राहू द्या. फळ्या टाकल्यात ते बरोबर केलंत. शपथ घातलीत ते चुकलं."

मी त्यांचं मन वळवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी ते केलं, पण कसं केलं ते बघून मला पुन्हा शिसारी आली. संध्याकाळी दिवा लागल्यावर पोरीला देव्हाऱ्यापुढे बोलावलं. भंडाऱ्याची चिमूट तिच्या कपाळाला लावली म्हणण्यापेक्षा फेकली. निम्मी तिच्या डोळ्यात गेली. "सुटलीस," म्हणाले. "त्या बाईफुडं काय ओकायचं ते ओक. घरात नगं." आणि बाहेर निघून गेले. एका शब्दाची माफी नाही, डोक्यावर हात नाही. पोरगी डोळे चोळत उभी राहिली आणि मग तिनं पहिली गोष्ट काय केली, तर भावाला उचलून कडेवर घेतलं. भंडारा त्याच्या गालाला लागला. तो ओरडला, "आबा, मीपण पिवळा!"

दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओसरीवर आली. मी एक सूप तिच्या मांडीवर ठेवलं, दुसरं माझ्या, म्हणजे एकमेकींकडे बघत बसायला नको. आणि मी "का" विचारलं नाही. त्या शब्दाचा मला इतका वीट आला होता की तो तोंडात आला तरी थुंकून टाकला असता. मी विचारलं, "दिवसातली कुठली वेळ सगळ्यात वाईट जाते?"

बराच वेळ नुसते खडे निघत होते.

"सकाळ," ती म्हणाली. "लई वंगाळ असती काकू. डोळं उघडलं की छातीवर जात्याची तळी ठेवल्यागत व्हतं. उठावंच वाटत न्हाई. आई म्हणती आळशी."

"आणि दुपारी?"

"दुपारी काय कळतच न्हाई. सांजंला जरा हलकं."

"पुन्हा मरावंसं वाटतं?"

मागून तिच्या आईचा आवाज आला, ती माझ्या दाराशी कधी येऊन उभी राहिली होती देव जाणे. "अवो बाई, असलं काय इचारता! नसलं डोक्यात तर घालाल."

पोरीनं आईकडे वळून बघितलं. "हाय की डोक्यात," ती म्हणाली. "कोण घालणार? वाटतं, काकू. रोज न्हाई. सकाळचं वाटतं. सगळी कारण इचारत्यात. माझ्याकडं न्हाई तर कुठनं देऊ? कोणी मारलं न्हाई मला, कोणी काय केलं न्हाई. नुसतंच हाय."

आई दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. मी तिच्याही मांडीवर मूठभर गहू टाकले. काहीतरी करायला हवं होतं तिला. तिघी निवडत बसलो. आई मध्येच म्हणाली, "मला वाटलं माझंच काय चुकलं." आणि पोरगी म्हणाली, "न्हाई गं." त्या घरात एवढं साधं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग आम्ही काय करायचं ते मी ठरवलं. सकाळ वाईट, तर सकाळी ती एकटी असायची नाही. डोळे उघडले की तिनं थेट माझ्याकडे यायचं, तोंडही न धुता. आल्यावर कसं वाटतंय ते सांगायचं, चांगलं असो वाईट असो, आणि मी ते ऐकून घ्यायचं. त्यावर उपदेश नाही. तिची आई रात्री तिच्याशेजारी निजणार. ज्या दिवशी फार वाईट असेल त्या दिवशी तिनं मला "आज जड आहे" एवढं म्हणायचं, मग मी सगळी कामं सोडून तिच्याबरोबर बसणार. आईला मी स्पष्ट सांगितलं, कोणी भेटायला आलं तर ओसरीवरूनच परत पाठवायचं, चहा द्यायचा नाही. चहा नसला की उपदेश करणारे निम्मे कमी होतात, हे मी तेव्हा शिकले.

काही सकाळी ती बोलली, काही सकाळी नुसती बसली. एकदा पुष्कळ दिवस "जड आहे" होतं, आणि मी घाबरले होते, पण ते तिला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर ती माझी समजूत घालायला लागली असती. दवाखान्यातलं टॉनिक संपलं, पुन्हा आणलं नाही. लग्नाचं स्थळ आलं, तेव्हा तिच्या बापानं, त्या कुदळीवाल्या गप्प माणसानं, सगळ्यांसमोर "यंदा न्हाई" म्हटलं. मी माझ्या खोलीत होते, तरी ऐकू आलं.

गावाचं काय. गावात सांगत सुटले की बेल-भंडारानं पोर वाचली. एका घरात मुलगा गप्प गप्प राहायला लागला, तर त्यालाही देवापुढे बसवून शपथ घातली. ते ऐकून मी त्या घरी गेले, उभ्या उभ्या सांगितलं, आणि त्या घरच्या बाईनं तोंड वाकडं करून विचारलं, "तुमी कोण? डाक्टर?" मी रोज त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यांना माझा कंटाळा आला, मला त्यांचा होताच. शेवटी माझ्या कटकटीला वैतागून त्यांनी शपथ सोडवली. मला चालेल. वैतागूनसुद्धा चालेल.

पावसाळा आला आणि गेला. एका सकाळी पोरगी माझ्याकडे यायच्या ऐवजी विहिरीपाशी उभी दिसली. मी चूल तशीच टाकून धावले. ती एकटी नव्हती. आबा आणि तिचा बाप तिथं होते, बैल जुंपलेले होते, आणि आबांच्या हातात पहार होती. त्यांनी सगळे दगड बाजूला केले होते.

"बाई, बघा," आबा मला म्हणाले, नेहमीच्या कारभारी आवाजात. "आता पोर बरी झाली. मोट चालू करतो. फळ्या काढून गोठ्याला लावतो."

मी पोरीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे नाही, आबांकडे बघितलं. ह्या माणसासमोर ती कधी आपणहून तोंड उघडत नसे.

"आबा," ती म्हणाली, "अजून नगं."

"काय नगं?"

"फळ्या. दिसा काढा, मोट चालवा. सांजंला पुन्हा टाका. सकाळपातूर राहू द्यात." ती थांबली. "मी सांगीन, कधी काढायच्या ते."

बाप खाली बघत होता. आबांनी पहार जमिनीवर टेकवली. त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं ते मी मांडणार नाही. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा काहीतरी घाणेरडं बोलणार. पण ते म्हणाले, "बरं. तू सांग."

त्या दिवशी मोट चालली. संध्याकाळी दोघा भावांनी फळ्या परत टाकल्या, आणि वरचा शेवटचा दगड पोरीनं स्वतः ढकलून ठेवला. मग हात झटकून माझ्या ओसरीवर आली, सूप ओढलं आणि म्हणाली, "काकू, तुमची चूल सकाळी तशीच टाकून आलात. वरण लागलं असंल."

लागलं होतं. आम्ही तेच खाल्लं.